दोराचं वजन

१९९९च्या कार्तिकात मी मोबाइलसाठी एक खेळ बनवला. तोवर मोबाइल मी फक्त दुकानाच्या काचेआड पाहिला होता. हसू नका. पुण्याच्या एका कंपनीला छोटे छोटे खेळ हवे होते. मी मुलींच्या शाळेत फिजिक्स शिकवते, कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहिते, आणि ‘हे तुम्हाला जमणार नाही’ असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. कंपनीच्या माणसाने नेमकं तेच म्हटलं होतं.

विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. आमच्या काशीत, पंचगंगा घाटावर, कार्तिकभर आकाशदिवे लागतात. लोक आपल्या गेलेल्या माणसांच्या नावाने लावतात. उंच बांबूच्या टोकाला कप्पी, तिच्यावरून दोर, दोराला वेताची टोपली आणि टोपलीत तेलाची पणती. संध्याकाळी दोर ओढून टोपली वर चढवायची. धक्का बसला की तेल सांडतं, दिवा विझतो. माझ्या खेळात आठचं बटण दाबलं की दोर ओढला जाई, दोनचं दाबलं की ढिला पडे. मॉनिटरवर काडेपेटीएवढा चौकोन, त्यात ठिपक्यांची टोपली. मी स्वतःवर फारच खूश होते.

पहिला मान अप्पांना दिला. माझे वडील, ढुंढिराज गुरुजी, चाळीस वर्षं हे दिवे चढवत आले होते.

अप्पा हरले. पुन्हा हरले. दर वेळी तेच. टोपली झकास चढे, शेंड्याजवळ पोचली की अप्पा दोनचं बटण दाबत आणि टोपली धाडकन खाली.

“अहो अप्पा, शेवटी सोडता कशाला? ओढत राहा ना!” मी वर्गातल्या आवाजात ओरडले.

“हात अपनेआप ढीला होतो गं, नीरजे,” ते ओशाळून म्हणाले.

तीन दिवस ते हट्टाने बसले आणि मी हसत राहिले. चौथ्या दिवशी चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, “वेणीमाधवला निरोप दे. आजपासून दोर त्याच्याकडे.”

वेणीमाधव माझा चुलतभाऊ. माणूस चांगला आहे, पण मुद्दा तो नव्हता.

“का पण?”

“हात तर कांपतातच. आता अंदाजही गेला. कुणाच्या बापाचा दिवा विझला तर काय तोंड दाखवू?”

मला स्वतःचीच लाज वाटली. चाळीस वर्षांचं काम माझ्या खेळाने तीन दिवसांत त्यांच्या हातून काढून घेतलं होतं.

संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर घाटावर गेले. वेणीमाधव अजून यायचा होता. “पहिला दिवा मी चढवते,” मी म्हटलं. “बघा, किती सोपं आहे ते.”

आधी टोपली चांगलीच जड लागली. अर्ध्यावर हलकी झाली. शेंड्याजवळ तर आपणहून पळायला लागली, तरी मी माझ्या खेळातल्यासारखी ओढतच राहिले. टोपली कप्पीवर आदळली, दिवा विझला आणि तेल थेट माझ्या डोक्यावर.

“अगं, किती खेचतेस!” अप्पा खेकसले. “वर गेली की सगळा दोर आपल्या बाजूला येतो ना? मग इकडचं वजन वाढतं. तेव्हा ढील द्यायची!”

मी तेल निथळत उभी राहिले. ‘दोराचं वजन शून्य माना’ हे मी पंधरा वर्षं मुलींना फळ्यावर लिहून देत होते. प्रोग्रॅममध्येही तेच लिहिलं होतं.

“अप्पा, तुमचा अंदाज शाबूत आहे. माझा खेळ चुकलाय. मी दोराला वजनच दिलं नव्हतं.”

“बिनवजनाचा दोर? कुठे मिळतो?”

“पुस्तकात.”

ते इतके हसले की शेजारच्या नाववाल्याने वळून पाहिलं. मग टोपली खाली घेऊन त्यांनी तेल घातलं, वात पेटवली. तेवढ्यात वेणीमाधव धावत आला आणि त्याने दोराला हात घातला.

“रुक,” अप्पा म्हणाले. “हा तुझ्या काकूचा दिवा आहे. मीच चढवतो.”

त्यांचे हात कापत होते. टोपली मात्र सरळ चढत गेली. शेंड्याजवळ त्यांनी मूठ सैल केली आणि ती आवाज न करता कप्पीला टेकली. आईचा दिवा वर शांत जळत राहिला. अप्पांनी दोर खुंटीला गुंडाळला, डोळे पुसले आणि वेणीमाधवला म्हणाले, “बघत काय बसलास? दुसरी टोपली आण.”