पाच मिनिटांचा बीनबाजा

रेवारामच्या मते गोंदियातल्या लोकांना कान होते ते फक्त चष्म्याची काडी अडकवायला. अठ्ठावन्न साली त्याने तिथे सात वेळा बीनबाजा वाजवला. सव्वीस जानेवारीला, गिरणीच्या उद्घाटनाला, एका शेठच्या पुतण्याच्या लग्नात, आणि आणखी कुठे कुठे. सातही वेळा समोरचे लोक पान चघळत एकमेकांच्या जमिनीच्या गोष्टी करत बसले होते, आणि सातही वेळा त्यांनी कडाडून टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांची रेवारामला शिसारी यायची.

बीनबाजा म्हणजे होडीच्या आकाराचं लाकडी पोट, त्यावर ताणलेलं कातडं, त्यातून वाकून वर आलेली मान आणि पाच तारा. रेवारामच्या आजाने तो मंडल्याकडून पाठीवर वाहून आणला होता. काम त्याचं एकच. परधानाने, म्हणजे रेवारामसारख्या पिढीजात गाणाऱ्याने, आपल्या गोंड यजमानाच्या दारी बसावं आणि त्या घरच्या मेलेल्या माणसांची नावं, ज्याचं त्याचं पद लावून, पहिल्यापासून शेवटपर्यंत गावीत. रेवारामचे यजमान म्हणजे सालेकशाकडचे उईके. त्यांची एकवीस नावं होती. ती गायला सकाळची दुपार व्हायची.

गोंदियात एवढी सवड कोणाला? कार्यक्रम भरवणारा श्यामलाल, भाताच्या गिरणीचा मालक, घड्याळ दाखवून सांगायचा, "देख रेवाराम, पाच मिनट. साहेबले भंडाऱ्याले वापस जायचं हाय." वर डोक्याला मोरपिसं बांधायला लावायचा. रेवारामच्या खानदानात कोणी मोरपीस बांधलं नव्हतं, पण जंगलातला माणूस जंगलातला दिसला पाहिजे, हे श्यामलालचं ज्ञान. आणि मागे पेटी घेऊन चैतराम मास्तर. कोणीही गावो, हा आपला मागून भाता हलवत सूर ओढत येणार. स्वतःचं एक पद नाही, एक ओळ नाही. या माणसाइतकी कीव रेवारामला कोणाचीच येत नसे.

त्याने एकवीस नावांची पाच केली. पहिली तीन, मधलं एक, शेवटाकडचं एक. एकदा तर मुद्दाम एकच नाव दोनदा गायलं. कोणाला पत्ता लागला नाही. उलट पहिल्या रांगेतल्या पुढाऱ्याने उठून पाठ थोपटली. रेवाराम मनात म्हणाला, यांच्यापुढे बैलगाडीचं चाक कुरकुरवलं तरी चालेल. तरीही पुन्हा बोलावणं आलं की तो जायचा. भिंतीवरच्या कागदावर त्याचं नाव मोठ्या अक्षरात छापलेलं असे, आणि ते त्याला आवडत असे. हे मात्र तो कोणाला सांगत नसे.

त्याचं खरं काम घरी चाललं होतं. उईक्यांचा धनसिंग फागुनात गेला होता. धनसिंग यजमान खरा, पण दोघं एका ताटात जेवलेले. जाण्याआधी तो म्हणाला होता, "रेवा, माह्यं पद तूच बांधजो. बापाच्या बाजूले नीट बसवजो मले." उईक्यांच्या घरात मानत की परधानाने नाव गायलं की माणूस आपल्या वाडवडिलांत जाऊन बसतो, तोपर्यंत तो बाहेरच उभा. रेवारामने महिनाभर खपून पद बांधलं. धनसिंगने रानडुकराला भाताच्या बांधीबाहेर हाकललं ते, दुष्काळात बियाणं वाटलं ते, सगळं त्यात आलं. इतकं चांगलं पद त्याने आयुष्यात बांधलं नव्हतं, आणि गोंदियाच्या कानांवर ते पडू द्यायचं नाही, हे त्याने ठरवलं होतं.

विधीच्या दिवशी सकाळी अंगणात सगळं गाव बसलं. धनसिंगची बायको मंगली दाराशी सूप घेऊन बसली होती. रेवारामने तारा लावल्या, डोळे मिटले. इथे ऐकणारी माणसं होती. पहिलं नाव गायलं, दुसरं, तिसरं. मग हिरासाय. हिरासायमागून लालसाय, आणि बोटं ओळखीच्या वाटेने धावली, आणि धनसिंगच्या पदाचा सूर लागला.

"थांब," मंगली म्हणाली.

त्याने डोळे उघडले.

"लालसाय तं याचा चुलता होय. फागू कुठं गेला? माहा सासरा?"

रेवारामच्या कानशिलांना झळ लागली. "चुकलं वैनी. पुन्हा घेतो," तो म्हणाला. त्याने पुन्हा पहिल्यापासून धरलं. तिसऱ्या नावानंतर बोटं पुन्हा थेट हिरासायवर गेली. मधली नावं त्याला येत होती, तोंडाशी होती, पण कोणामागून कोण, तेच सापडेना. ज्यांना काही कळत नाही म्हणून त्याने वर्षभर ती नावं गाळली, त्यांच्यापैकी इथे कोणीच नव्हतं. गाळणारा मात्र आला होता.

"काऊन रे," मंगली हळू म्हणाली, "शहरात पाच मिनटाचं वाजवतस मनतात. तेच आनलंस का आमच्या घरी?"

रेवारामने तारांवरचा हात काढला.

"राहू दे. तीस साल झाले, दरसाली आयकून रायली मी. नावं मी सांगीन. तू मांगून वाजव."

ती सांगू लागली. सूर नाही, पद नाही. भात निवडावा तसं एकेक नाव बाजूला ठेवत गेली. गाव मान हलवत होतं. रेवाराम तिच्या आवाजामागून तारा छेडत गेला. चैतराम मास्तरची वाकलेली पाठ त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. आता त्याला कोणाची कीव करावी ते कळत नव्हतं.

"फागू," मंगली म्हणाली. "आन् फागूचा धनसिंग."

महिनाभर खपून बांधलेलं पद रेवारामच्या घशाशी आलं. त्याने तिच्याकडे पाहिलं. "बसला तो बापापाशी," म्हणत मंगलीने सूप उचललं, पदर सारखा केला आणि सैपाकाचं बघायला आत गेली.