न उकळायची भुकटी

बस डेपोमागच्या तळ्याकाठी मुंगीला शिरायला जागा नव्हती. ज्या पाण्यावर वर्षभर डिझेलचा तवंग होता, त्यात आज चक्क आभाळ दिसत होतं! जलबाबाने काळी भुकटी टाकली, भक्तांनी महिनोन्‌महिने बांबूंनी पाणी ढवळलं, आणि तवंग गेला.

"जे तळ्याचं झालं, तेच तुमच्या पोटाचं होईल!" बाबा गरजला. "चिमूटभर पाण्यातून घ्या. पण उकळू नका हं, शक्ती जाते!"

आता माणसाचं पोट म्हणजे काय बस डेपो आहे? पण विचारतो कोण!

शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी विचारलं, "भुकटीत आहे काय?"

"श्रद्धा!" बाबा म्हणाला. लोक हसले. बाईंची धाकटी बहीणही हसली. तिच्या कडेवर छकुली होती, लग्नानंतर फार वर्षांनी झालेली, पोटाने नाजूक.

"देऊ नकोस गं तिला," बाई कळवळून म्हणाल्या. "आधी मला तपासू दे."

"ताई, तळं डोळ्यांनी पाहिलंस ना? तुझं आपलं प्रत्येकात काहीतरी!"

बाईंनी प्रयोगशाळेत दोन बरण्या मांडल्या. दोन्हींत पाणी आणि थोडं डिझेल. एकीत भुकटी तशीच टाकली, दुसरीत उकळून. रोज दोन्ही ढवळायच्या आणि वाट पाहायची. छकुलीला तेवढा वेळ मिळाला नाही. भुकटीचं पाणी पोटात गेल्यावर तिला जुलाब लागले, अंगातलं पाणी गेलं, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तिच्या इवल्याशा झबल्यांच्या घड्या घालताना बाई ढसाढसा रडल्या.

पुढे एके दिवशी त्या बरण्या घेऊन तळ्यावर गेल्या. पहिल्या बरणीतला तवंग नाहीसा झाला होता. उकळलेल्या भुकटीच्या बरणीत तो तसाच होता.

"ही भुकटी म्हणजे मैलापाणी शुद्धीकरण केंद्रावरचा वाळलेला गाळ आहे," बाई म्हणाल्या. "बाबा पूर्वी तिथेच ट्रक चालवायचा, तिथल्या मुकादमाने फोटो पाहताच त्याला ओळखलं. गाळात जिवाणू असतात. काही जिवाणू डिझेल खातात. डेपोतून तळ्यात होणारी डिझेलची गळती आधीच थांबली होती. तुम्ही ढवळलंत, त्यांना हवा मिळाली, त्यांनी तवंग संपवला. पण त्याच गाळात माणसांच्या पोटातले रोगजंतूही असतात. उकळलं की दोन्ही मरतात. दैवी शक्ती कधी उकळून मरते का हो?"

"पोरीचं आयुष्यच तेवढं होतं," बाबा पुटपुटला. या खेपेला कुणीच मान डोलावली नाही. त्याने काढता पाय घेतला.

गर्दीतून धाकटी पुढे आली.

"ताई, तिचं पाणी मी नेहमी उकळूनच द्यायचे गं. त्या दिवशीही भुकटी घातलेलं पातेलं गॅसवर ठेवलं होतं. मग उतरवलं. शक्ती जाईल म्हणून."

बाईंनी तिला पोटाशी धरलं. लोकांकडे पाहून म्हणाल्या, "तळं स्वच्छ झालं, हे खरं. कशाने झालं, एवढंच विचारा. विचारल्यावर देणाऱ्याने उत्तर टाळलं, तर ते पोराच्या तोंडाला लावू नका."

"गॅसवर ठेवलं होतं गं मी," धाकटी म्हणत राहिली.