व्हिटलीबाईंचा निळा थाळ

रेमंड तुस्कानोला निळ्या बशांचं वेड लावलं ते व्हिटली साहेबांनी. साहेब बहारीनमध्ये सित्र्याला इंजिनियर, रेमंड त्यांच्याच ऑफिसात क्लार्क. एकदा तो फाइल द्यायला त्यांच्या घरी गेला, तर हॉलची अख्खी भिंत जुन्या इंग्लिश चिनीमातीच्या भांड्यांनी भरलेली. सगळ्यांवर निळ्या शाईत छापलेली खेडी: गवत कापणारे गडी, पुलावरून जाणारी मेंढरं, झाडांआडून डोकावणारं चर्चचं टोक. वसईच्या केळीच्या बागांत वाढलेल्या रेमंडला ते खेडं परकंच, तरी त्याचा पाय तिथून निघेना. साहेबांनी एक बशी उलटी करून त्याच्या हातात दिली.

"ही तीन बारीक टिंबं दिसतात? भट्टीत बशी तिवईवर ठेवायचे, त्याच्या या खुणा. दीडशे वर्षांपूर्वीच्या."

त्या दिवसापासून रेमंड मनामाच्या सूकमधली, म्हणजे तिथल्या बाजारातली, जुन्या सामानाची दुकानं धुंडाळू लागला. इंग्रज कुटुंबं मायदेशी परतताना घरचं सामान विकायला काढत, तिथेही तो पहिला हजर. दहा वर्षांत त्याच्याकडे सात बशा जमल्या. त्यातल्या दोन बशांवर गाय दोहणारी बाई होती. त्याच नक्षीचा मोठा थाळ साहेबांच्या भिंतीवर मधोमध होता, आणि तिथे गेलं की रेमंडची नजर आधी त्याच्यावर जायची.

त्र्याण्णव साली साहेब वारले. पुढच्या वर्षी व्हिटलीबाईंनी इंग्लंडला परतायचं ठरवलं आणि भांडी बांधायला रेमंडला बोलावलं. दुसऱ्या कुणाच्या हाती ती द्यायला त्या तयार नव्हत्या.

बुधवारी संध्याकाळी नऊ खोकी भरून झाली. थाळ तेवढा राहिला होता. तो मांडीवर घेऊन बाई म्हणाल्या, "लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा आर्थरने दिला हा. खरंच जुना आहे ना रे रेमंड? तुला आता माझ्यापेक्षा जास्त कळतं."

रेमंडने थाळ उलटा केला. तीन टिंबं स्पष्ट होती. काठावर नक्षीच्या छापाचा कागद जिथे जुळवला होता तो जोडही दिसत होता, तीही जुनेपणाचीच खूण. तरी तो म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका मॅडम. हा नंतरचा आहे. नक्कल आहे."

बाई म्हणाल्या, "म्हणजे त्याला कुणीतरी फसवलं. किती खूश होता तो." मग हळूच म्हणाल्या, "की त्याला ठाऊक होतं?"

रेमंड खोक्यांवरची चिकटपट्टी दाबून बसवत राहिला.

"तूच घेऊन जा," बाई म्हणाल्या. "मला तो आता बघवणार नाही."

घरी त्याची मुलगी तान्या म्हणाली, "डॅडी, इट्स सो प्रिटी. व्हेअर विल यू हँग इट?" रेमंडने थाळ टॉवेलात गुंडाळून कपाटामागे ठेवला. मॅगी हॉस्पिटलातून ड्यूटी संपवून आली होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग कपाटाकडे.

शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमध्ये कम्युनियनचा प्रसाद घ्यायला सगळी रांग पुढे सरकली आणि रेमंड बाकावरच बसून राहिला; कबूल न केलेलं पाप मनात ठेवून तो घ्यायचा नसतो. बाहेर आवारात मॅगीने त्याला बाजूला घेतलं. त्याने सगळं सांगितलं.

"थाळ लाटलास ते एक वेळ सोड," मॅगी म्हणाली. "पण मेलेल्या माणसाबद्दल त्याच्या बायकोच्या मनात काय भरवून आलास तू? आत्ता जा. जेवायला थांबू नकोस."

टॅक्सीत थाळ छातीशी धरून बसताना त्याला वाटत होतं, बाई घरी नसाव्यात. बाई घरीच होत्या. दारातच, चप्पलही न काढता, त्याने कबूल केलं. "थाळ अस्सल आहे मॅडम. मला हवा होता म्हणून मी खोटं बोललो."

बाईंनी थाळ घेतला, उलटा केला आणि त्या तीन टिंबांवरून अंगठा फिरवला.

"दोन दिवस मी आर्थरची जुनी पत्रं काढून वाचतेय," त्या म्हणाल्या. "आणखी कुठे कुठे खोटं बोलला असेल, ते शोधत होते."

रेमंडला मान वर करवेना. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"मिस्टर तुस्कानो," एरवी रेमंड म्हणणाऱ्या बाई म्हणाल्या, "तुम्ही बांधलेली खोकी उघडा."

त्याने नऊच्या नऊ खोकी उघडली. बाई यादी घेऊन खुर्चीवर बसल्या. तो एकेक भांडं कागदातून सोडवून दाखवायचा, बाई ते हातात घेऊन पाहायच्या, यादीवर खूण करायच्या. एसी चालू असूनही त्याचा शर्ट पाठीला चिकटला. एकही वस्तू कमी नव्हती, पण ते सांगायला त्याला तोंड राहिलं नव्हतं.

"परत बांधून देतो," शेवटी तो म्हणाला.

"नको. दुसरी माणसं येतील."

बाई निघाल्या त्या दिवशी ऑफिसातले बरेच जण विमानतळावर गेले. रेमंडने डोकं दुखत असल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरचा शिरीष म्हणाला, "अरे, बाई तुझं नाव काढत होत्या. रेमंडने पॅकिंगला फार मदत केली म्हणाल्या. सगळ्यांसमोर."

"आणखी काही म्हणाल्या?"

"नाही. आणखी काय म्हणणार?"

रेमंडने समोरची फाइल उघडली. शिरीष चहा आणायला उठून गेला, परत आला, तरी तो त्याच पानावर होता.