क्रोशाचा रुमाल आणि दोन बॅटऱ्यांची गाडी

"माणसाच्या प्रगतीचे टप्पे फक्त तीन," लिफ्टवाले काका इमारतीच्या आवारात छाती काढून म्हणाले. "चाक, वीज आणि ही आपली हायब्रिड गाडी. हिच्यात दोन बॅटऱ्या आहेत. एकीने मान टाकली तर दुसरी उभीच. ही गाडी बंद पडूच शकत नाही."

एवढं बोलून त्यांनी किल्लीचं बटण दाबलं. गाडीने डोळासुद्धा मिचकावला नाही.

काकांनी हात लांब करून बटण दाबलं. मग दाराला चिकटून, गाडीच्या कानात सांगावं तसं दाबलं.

"बरोबर आहे बाबा," लेक म्हणाली. "बंद पडायला आधी चालू तर व्हायला पाहिजे."

लेक पाहुणी म्हणून आली नव्हती, ती निकाल लावायला आली होती. पेशंटच्या घरोघरी जाऊन त्यांचे गुडघे वाकवायचे हा तिचा धंदा, आणि तिची जुनी गाडी परवा कायमची निजली होती. "तुम्ही वापरत नसाल तर तुमची मी नेते," तिने फोनवर सांगितलं होतं. "वापरत असाल तर विषयच संपला." त्यावर काका ठणकावून म्हणाले होते, "वापरत नसाल म्हणजे? रोज संध्याकाळी आम्ही दोघं गाडीत असतो. ये, तुलाच फिरवून आणतो!"

यात खोटं एक अक्षर नव्हतं. रोज संध्याकाळी दोघं गाडीतच असायचे. गाडी तेवढी आवारातच असायची.

त्याचं असं झालं. काका लिफ्टचे निरीक्षक. सगळी नोकरी वर-खाली करण्यात गेली, पुढे म्हणून जाताच आलं नाही. ती हौस भागवायला निवृत्तीनंतर गाडी घेतली. पण लिफ्टला मागून कोणी हॉर्न देत नाही आणि आडवी सायकल येत नाही. पहिल्या आठवड्यातच काकांनी गाडी झाडाच्या सावलीत लावली, ती लावली. "इंजिन मुरायला हवं," असं ते शेजाऱ्यांना सांगत.

मग एकदा घरी रंगकाम निघालं म्हणून दोघं थर्मास घेऊन गाडीत जाऊन बसले. काकांनी हळू आवाजात रेडिओ लावला. आणि काय सांगावं, दोघं बोलायला लागले! घरात दोघांचं बोलणं म्हणजे "बेल वाजतेय" आणि "मग उघडा की". गाडीत बेल नव्हती. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर काकांना त्या दिवशी कळलं, की काकींना कॉफी मुळीच आवडत नाही. केवळ सोबत म्हणून त्या ती औषधासारखी गिळत आल्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून थर्मासात चहा आला आणि रंग वाळला तरी बैठक मोडली नाही. गाडी गेली तर ती बैठकही जाणार होती. म्हणून तर काका सकाळी आजचा रस्ता एकदा पायी फिरून, वळणावर हाताने इंडिकेटर देऊन आले होते.

शेवटी मदतीच्या नंबरला फोन केला आणि मेकॅनिक आला. त्याने किल्लीच्या पोटातून एक लपलेली, साधी लोखंडी किल्ली ओढून काढली आणि दार उघडलं. इतके दिवस आपण किल्लीत किल्ली घेऊन हिंडत होतो, हे काकांना नवीनच होतं.

"छोटी बॅटरी बसलीय, काका."

"बसू दे! मोठी आहे ना?"

"मोठी ठणठणीत आहे. पण ती इंजिनाला हातभार लावते. कुलपं, दिवे, समोरचा स्क्रीनचा पडदा, रेडिओ, गाडीचा मेंदू, हा सगळा संसार छोटीवर. छोटीने उठवलं तर मोठी उठणार."

"आमच्याकडेही तसंच आहे," काकी म्हणाल्या.

मेकॅनिकने आपल्या पेटीच्या वायरी छोटीला जोडल्या आणि काकांना बटण दाबायला सांगितलं. इंजिन सुरू झालं आणि पाठोपाठ रेडिओही, काल संध्याकाळी सोडला होता तिथूनच. काकांनी तो चपळाईने बंद केला, पण लेकीचे कान तिच्या आईवर गेले होते. तिने आत डोकं घातलं. मागच्या सीटवर उशी, अर्धवट विणलेला स्वेटर, दोन कप. समोरच्या पडद्यावर क्रोशाचा रुमाल.

लेकीने रुमाल उचलला. खाली कालची सूचना अजून ठळक अक्षरांत होती : बॅटरी कमी आहे, इंजिन सुरू करा.

"हे रोज सांगत असणार ती," मेकॅनिक म्हणाला.

"बाई गं!" काकी म्हणाल्या. "मला वाटलं, उगाच डोळ्यांवर उजेड मारतेय."

"आई, बाबा गाडी चालवत असताना तू पडदा झाकतेस?"

"चालवतंय कोण?" काकी सहज बोलून गेल्या. मग त्यांनी काकांकडे पाहिलं. काका झाडाची पानं न्याहाळत होते.

"म्हणजे रोज तुम्ही फिरायला जाता ते…"

"इथेच," काकी म्हणाल्या. "चहा पितो. बोलतो."

"चहा? तू तर कॉफी पितेस."

"कधीच आवडली नाही गं. तुझ्या बाबांनाही इथेच कळलं."

लेकीने रुमालाची घडी घालून ती आईच्या हातात दिली. "मी माझ्यासाठी दुसरी बघते," ती म्हणाली. "पण तुमच्या बोलण्यापायी बॅटरी मारू नका. आठवड्यातून दोनदा गाडी खरोखर चालवायची."

"चांगली अर्धा-पाऊण तास," मेकॅनिकने पुस्ती जोडली. "आणि आज सिग्नलला इंजिन आपोआप बंद पडणार नाही हं. छोटी भरेपर्यंत ती सोय बंद."

"हे उत्तम," काका मनापासून म्हणाले.

लेक मागे उशीला टेकून बसली आणि काकांनी गाडी फाटकाबाहेर काढली. पहिल्या वळणावर त्यांनी इंडिकेटर दिला आणि सवयीने हातही दाखवला. मागून हॉर्न वाजला, काका दचकले, पण गाडी गेली. मोठ्या रस्त्याला लागल्यावर त्यांच्या कपाळावरचा घाम वाळला आणि आवाजाला धार चढली.

"बघ बाळा! आयुष्यभर वर गेलो, खाली आलो. पण पुढे जाणं म्हणजे काय, ते आज कळतंय. आता थांबणं नाही! ही गाडी आणि हा तुझा बाप—"

"अहो," काकी मांडीवरचा थर्मास सावरत म्हणाल्या, "जरा कडेला घेता का? चालत्या गाडीत चहा ओतता येत नाही."