ओल्या सुताची गाठ

दोरा दोन बोटं सैल पडला आणि मांडवातली दीडशे माणसं एकदम उठून उभी राहिली.

तिवशापासून पाच किलोमीटरवर, तुरीच्या शेताला लागून तो पत्र्याचा मांडव होता. दर गुरुवारी दुपारी तिथे सूतमहाराज बसत. बायका रांगेनं पुढे येत. दंडाला आठवडाभर बांधलेला पांढरा दोरा महाराज कात्रीनं कापत आणि सुजलेला हात दुसऱ्या दोऱ्यानं मोजून त्या मापावर गाठ मारत. मग तासभर भजन. तेवढा वेळ बाईनं हात आभाळाकडे धरून ठेवायचा, थकली तर शेजारणीनं कोपराला आधार द्यायचा. भजन संपलं की गाठ मारलेला दोरा परत हातावर चढवून बघायचा. तो सैल व्हायचा. दर वेळी व्हायचा.

"दवाखाना बाटली लावून पानी काढते," महाराज म्हणाले. "आपन बाटली नाई लावत, सुई नाई लावत. मंग पानी गेलं कुठं? मले नका इचारू. त्या तुरीले इचारा, तिले कोनी पाजलं."

लोकांनी तुरीकडे पाहिलं. तूर खरोखरच हिरवीगार होती. तिच्या अलीकडून कालव्याचा पाट वाहत होता, त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही.

तो हात माझ्या धाकट्या बहिणीचा, इंदूबाईचा होता. आणि उभ्या राहिलेल्या माणसांत मीही होतो, हे आधीच सांगून टाकतो.

मी अमरावतीच्या एका वाचनालयात चौतीस वर्षं पुस्तकं दिली-घेतली. लोकांशी बोलण्याची वेळ आली की मी पुस्तक पुढे करायचो. निरोप समारंभाचं भाषण लिहून नेलं होतं, ते खिशातच राहिलं. असा माणूस या गोष्टीत काही करील असं कोणाला वाटलं नसतं. मलाही नाही.

इंदूचं स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन अमरावतीत झालं. काखेतल्या गाठीही काढल्या. नंतर दोन महिने ती माझ्याकडे होती. पहिले काही दिवस जखमेत पाणी साचू नये म्हणून काखेजवळ नळी होती आणि नळीला बाटली. रोज किती पाणी आलं ते वहीत लिहायचं काम माझं. पाणी कमी कमी होत गेलं आणि डॉक्टरांनी नळी काढली. मग व्यायाम शिकवायला आरजू आली. दवाखान्यातलीच फिजिओथेरपिस्ट, वलगाव रोडला राहणारी, आवाज चढा. तिनं इंदूला भिंतीसमोर उभं केलं, बोटं भिंतीवरून मुंगीसारखी वर चढवायला लावली आणि जिथे थांबली तिथे माझ्या चुन्याच्या भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारली.

"काका, रोज एक रेघ," ती मला म्हणाली. "भिंत खराब झाली तर होऊ द्या."

जाताना तिनं एक कागद दिला. काखेतल्या गाठी काढल्या की हातातलं पाणी परत वर नेणाऱ्या बारीक वाटा कमी होतात, म्हणून हात सुजू शकतो. हलका व्यायाम करावा. बसताना हात उशीवर उंच ठेवावा. त्या हाताला जखम, भाजणं होऊ देऊ नये. हात जड वाटला, सुजला, लाल झाला तर लगेच दवाखान्यात यावं. आणि सातव्या ओळीत: त्या हाताला काहीही आवळून बांधू नये, घट्ट बांगडीसुद्धा घालू नये.

मी तो कागद दोनदा वाचला आणि वाचत असलेल्या पुस्तकात खूण म्हणून घातला.

इंदू गावी परतली आणि महिन्याभरात तिचा हात जड वाटू लागला. शेजारच्या पार्बताबाईंचं ऑपरेशनही असंच झालेलं. त्या तिला महाराजांकडे घेऊन गेल्या. इंदूचे यजमान खुशालराव यांनी मलाही बोलावलं, म्हणाले, शिकलेलं माणूस सोबत असलं की बरं. महाराजांनी माझ्यासमोर तिच्या दंडाला पीळदार कच्च्या सुताचा दोरा बांधला. सकाळ-संध्याकाळ त्यावर तीर्थ ओतायचं, आठ दिवस सोडायचा नाही, सूज दाबायला दवाखान्यात मिळते ती घट्ट बाही घालायची नाही.

सातवी ओळ माझ्या डोळ्यासमोर होती. पण इंदू तीन महिन्यांत पहिल्यांदा हसत होती. मला वाटलं, एका कागदाच्या जोरावर मी कोण सांगणारा? कदाचित दोऱ्याचं वेगळं असेल. मी गप्प राहिलो.

पुढच्या गुरुवारी हात आणखी सुजलेला होता. महाराजांनी दोरा कापला, भजन झालं, सूज उतरली, चमत्कार झाला. नवा दोरा. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तसंच. दर वेळी सूज मागच्यापेक्षा मोठी आणि चमत्कारही मोठा. सूज का वाढते हे कोणी विचारलं तर महाराज म्हणायचे, आतलं पानी बाहीर यासाठी वर येऊन राहिलं.

चौथ्या खेपेच्या आदल्या दिवशी मी इंदूकडे मुक्कामाला गेलो. ती अंगणात बसली होती. हात कोपरापर्यंत चकाकत होता, अंग कढत होतं. मी दोरा काढू म्हटलं तर तिनं दंड पदराखाली झाकला. उद्या महाराजच कापतील, म्हणाली. आधी काढला तर पाणी जिवावर येतं, असं त्यांनी सांगितलं होतं.

खुशालराव मला बसायला बाज ठीक करत होते. सुती दोरीची जुनी बाज, मधे झोळी झालेली. त्यांनी तांब्याभर पाणी घेतलं आणि दोरीवर शिंपडलं.

"हे काय?" मी विचारलं.

"सूत वलं झालं का आवयते, भाऊ. अर्ध्या घंट्यात पाहा कशी तनते. तुमच्या पुस्तकात नाई लिवलं?"

ते हसले. मी भिजून आवळत चाललेल्या बाजेकडे पाहत राहिलो. मग इंदूच्या दंडाकडे. मग तिच्या शेजारी ठेवलेल्या तीर्थाच्या गडव्याकडे.

महाराजांनी घरच्या मंडळींसाठीही एक एक दोरा दिला होता. पहाटे उठून माझा मी स्वतःच्या डाव्या दंडाला बांधला, एक बोट जाईल इतपतच. वर नळाचं साधं पाणी ओतलं. दर दोन तासांनी ओतत गेलो. हे कोणी करू नये. आरजूनं नंतर मला त्यावरून चांगलं फैलावर घेतलं. दुपारपर्यंत दोऱ्याखाली बोट जाईना. मनगटावरचं घड्याळ रुतलं. बोटं फुगून निळसर झाली. मी सदऱ्याची बाही खाली ओढली आणि इंदू-खुशालरावांसोबत मांडवात गेलो.

इंदू रांगेत बसली. तिला हुडहुडी भरली होती. महाराजांनी कात्री उचलली आणि मी उठलो. काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण सगळं विसरलो. नुसती बाही वर केली.

"माझं कोणतंही ऑपरेशन झालेलं नाही," मी म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की मागच्यांनी 'काय म्हनते, काय म्हनते' केलं. मी परत म्हणालो. "सकाळी हा हात चांगला होता. तुमचा दोरा बांधला."

"पाप झाकलं राह्यते, मास्तर," महाराज म्हणाले. "दोऱ्यानं वर काढलं." लोक हसले.

मी समोरचा पितळी गडवा घेतला. महाराजांच्या ताटातला कोरडा दोरा त्याच्या गळ्याला बांधला आणि पुढे बसलेल्या पुंजाराम पाटलांकडे दिला. सत्तरीचे, आयुष्यभर बैल बाळगलेले. "सरकवून बघा," म्हटलं. दोरा सरकला. मग त्यावर तीर्थ ओतलं. थोडं थांबून परत सरकवायला सांगितलं तर महाराज ओरडले, तीर्थ बाटलं. पण पुंजाराम पाटलांनी गडवा सोडला नव्हता. त्यांनी दोऱ्याला अंगठा लावला, रेटला, नखानं गाठ उकलून पाहिली.

"हे तं वलं दावं हाय," ते म्हणाले. "पान्यात भिजलं दावं बैलाच्या गयाले काचते, पोट्टेबी जानतात. काहो महाराज, आमी काय इलायतेतून आलो?"

मांडवात कोणी हसलं नाही. कापूस पिकवणारी माणसं होती ती. एकेकजण आपल्या बायकोच्या, आईच्या दंडाकडे पाहत होता.

एकानं विचारलं, मग भजनानंतर सूज उतरते ती कशी? मी सांगितलं, दोरा कापला की बांध फुटतो आणि हात तासभर वर धरला की पाणी आपसूक खाली येतं. हात वर ठेवा हे दवाखान्याच्या कागदावरही लिहिलेलं आहे, तिथे त्याला चमत्कार म्हणत नाहीत. दुसऱ्यानं विचारलं, मग दवाखान्याची बाहीही आवळतेच ना? ती पंज्याकडे घट्ट आणि वर सैल असते, मापानं दिलेली, पाण्याला वर ढकलते. हा दोरा म्हणजे नाल्यात आडवा घातलेला बांध. अलीकडे पाणी तुंबणारच.

एवढं सलग मी आयुष्यात बोललो नव्हतो. तोवर महाराजांचे दोघे सेवक सतरंजी गुंडाळायला लागले होते. पार्बताबाई मात्र माझ्यासमोर आल्या.

"तुमी आता आमाले काय देता?" त्या म्हणाल्या. "याहिनं आशा तं देल्ली होती."



मी इंदूजवळ बसलो. ती माझ्या निळ्या बोटांकडे बघत होती.

"दादा, तुले हे माहीत होतं?"

"बाजेचं काल कळलं."

"बांधू नये, हे?"

"कागदावर होतं."

"मंग त्या पहिल्या गुरुवारी?"

"माहीत होतं," मी म्हणालो.

तिनं हात माझ्यापुढे केला. "काप," म्हणाली.

दोरा कातडीत इतका रुतला होता की कात्रीचं टोक घालायला जागा शोधावी लागली. खाली लाल रेघ होती, आणि रेघेपाशी फुटलेली, गरम कातडी. आम्ही तडक अमरावतीला आलो. आरजूनं हात पाहिला आणि तिचा चढा आवाज खाली आला. हातात जंतुसंसर्ग झाला होता. सात दिवस शिरेतून औषध द्यावं लागलं. ताप गेला, लाली गेली, इंदू परत माझ्याकडे राहायला आली. सूज बरीच उतरली, पूर्ण नाही. हा हात आता जन्मभर सांभाळावा लागेल, बाही घालावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले. सुरुवातीलाच आला असता तर इतकं झालं नसतं, असंही म्हणाले. ते इंदूला नाही, मला ऐकू गेलं.

पुढच्या महिन्यात पार्बताबाई तपासणीला आल्या. माझ्याकडे न बघता आरजूच्या समोर बसल्या आणि हात पुढे केला. आशा कशी द्यायची ते आरजूला येतं. ती माप घेते, खरं तेवढंच सांगते आणि पुढच्या तारखेला बोलावते.

महाराज आता अकोल्याकडे कुठे तरी बसतात, असं ऐकतो. म्हणून हे लिहितो आहे. कोणाच्या घरी असं ऑपरेशन झालं असेल तर त्या हाताला दोरा, गंडा, घट्ट चुडा बांधू देऊ नका. हात जड झाला की त्याच दिवशी दवाखाना गाठा. कोणी चमत्कार दाखवला तर आधी तीच वस्तू आपल्या घरी, आपल्या बाजेवर, आपल्या गडव्यावर करून बघा. आणि तुम्ही कुठे काही वाचलं असेल तर ते पुस्तकात घालून ठेवू नका. चारचौघांत चुकीचं ठरण्याची लाज वाटते, मला अजूनही वाटते. पण भिंतीवर पाहतो तर इंदूच्या रेघा खांद्याच्या वर चढत गेलेल्या आहेत, मग मधे दोन महिने काहीच नाही, आणि नंतरची रेघ पार खाली कमरेपाशी.

ती रिकामी जागा महाराजांनी एकट्यानं केलेली नाही.

आज सकाळी रेघ छातीपर्यंत आली. इंदूनं पेन्सिल माझ्या हातात दिली.