दोघींची खोली

देओलिंदाने ऑलिव्हची बशी दोन बोटांनी ढकलत ढकलत टेबलाच्या पलीकडच्या कडेला नेली. तिच्यामागोमाग पावाची टोपली नेली, मग चीज. सगळं लटांबर समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे नीट मांडून ती सुपाकडे वळली. न मागता आलेल्या खाण्याचं असंच करायचं असतं. हात लावला तर बिलात येतं, नाही लावला तर आलं तसं आत जातं. कोव्हिल्यासारख्या डोंगरातल्या गावात वाढलेली बाई असली, तरी एवढं तिलाही कळत होतं. राजधानीतले लोक बोलायला गोड आणि हिशेबाला लबाड, हे तर तिला आईच्या पोटातूनच ठाऊक होतं.

सूप संपलं, अर्धी प्लेट मागवलेला मासाही संपला. वेटर अल्बानो बिल घेऊन आला. तिने ते डोळ्यांपासून लांब धरून वाचलं आणि परत त्याच्या हातात दिलं.

"पाव, ऑलिव्ह, चीज. मी हात लावलेला नाही."

"तुम्ही कुठे लावलात, ताई? तुम्ही तर तिकडे बघतसुद्धा नव्हता. त्यांनी खाल्लं ना."

"कुणी?"

अल्बानोने हनुवटीने खुर्ची दाखवली. टेबलावरच्या कागदावर ऑलिव्हच्या बिया एकीला एक लावून ठेवल्या होत्या. चीजची साल उरली होती. पावाचा मऊ गाभा तेवढा कोरून काढलेला होता आणि कडा टोपलीत तशाच होत्या, पोकळ.

देओलिंदाने त्या कडांकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"इथे कुणी बसलं नव्हतं."

"भांडलात वाटतं दोघी?" अल्बानोला तिची दया आली. "माझ्या बहिणीचंही असंच आहे हो. फिरायला नेलं की दुसऱ्या दिवशी तोंड फिरवून बसते. जाऊ द्या, दोन घास खाल्ले बिचारीने."

शेजारच्या टेबलावर रोजचे दोघे म्हातारे वाईन पीत बसले होते. त्यांतला एक म्हणाला, "सोड रे अल्बानो. डोंगरातली माणसं ती. नाणं जमिनीत पुरतात आणि वर बटाटा लावतात."

दुसरा खो खो हसला. देओलिंदाने मोजून पैसे ठेवले, वरती एक सेंटही नाही, आणि बाहेर पडली. चौकापर्यंत पोचल्यावर तिच्या मनात आलं, या मेल्याला बहीण कुठून सुचली? मैत्रीण म्हणाला असता, शेजारीण म्हणाला असता.

तिची बहीण झुल्मिरा फेब्रुवारीतच वारली होती.

झुल्मिरा थोरली. गिरणीत दोघी एकाच खात्यात होत्या. पुढे थोरलीचे पाय गेले आणि धाकटीची नोकरी घरातच लागली. झुल्मिराच्या पलंगासमोरच्या खिडकीतून फक्त गिरणीची भिंत दिसायची. त्या खोलीत तिने लिस्बनची चित्रं लावून घेतली होती, पोस्टकार्डं, कॅलेंडरची पानं, साबणाच्या खोक्याचं झाकणसुद्धा. "पाय सुधारले की दोघी जाऊ," असं ती दर वर्षी म्हणायची, आणि देओलिंदा "जाऊ" म्हणत तिच्या टाचांना तेल चोळायची. मधेच भिंतीवर काठी वाजायची. पाणी. उशी. खिडकी लाव. खिडकी उघड. देओलिंदाने इतक्या वर्षांत एकही कॉफी गरम प्यायली नव्हती, असं ती स्वतः म्हणे, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती.

बहीण गेली तेव्हा ती रीतसर रडली. मग पाचव्या महिन्यालाच सुतकाचा काळा स्कर्ट घडी करून ठेवला, तपकिरी घातला आणि लिस्बनचं तिकीट काढलं. समोरची लुर्देस दारात उभी राहून म्हणाली, "एकटीच? एवढ्यात?" देओलिंदा म्हणाली, "एकटीच." हा शब्द उच्चारायला तिला इतकं बरं वाटलं की स्टेशनवर तिकीटवाल्यालाही तिने तो ऐकवला, त्याने विचारलेलं नसताना. तिला दुसरं काही नको होतं. फक्त रविवारपर्यंत पलीकडच्या खोलीतून कुणाची हाक यायला नको होती.

आणि आता एका वेटरने त्यात बोट घातलं होतं.

दुपारी ती टेकडीवरच्या सज्ज्यावर गेली. खाली छपरं, पलीकडे नदी. संत अंतोनियोचा सण जवळ आलेला, त्यामुळे गल्लीगल्लीत कागदी माळा टांगलेल्या आणि भाजल्या जाणाऱ्या सार्डिन माशांचा धूर. तिथे एक गृहस्थ वर्तमानपत्रांच्या टपरीला कुलूप लावत होता. तिने त्याच्या हातात फोन दिला.

"एक फोटो काढाल का माझा?"

"काढतो की." त्याने फोन डोळ्यांपुढे धरला, एक पाऊल मागे गेला. "थोडं डावीकडे सरका. अजून. तुम्ही दोघी फोटोत आल्या पाहिजेत."

"मी एकटी आहे."

"बरं, बरं. आता हसा." तिच्या चेहऱ्याकडे बघून तो वैतागला. "अहो, त्यांच्याकडे बघून तरी हसा! त्या बघा कशा हसतायत, आणि तुम्ही जशा काही दाताच्या डॉक्टरकडे आलात."

त्याने फोन परत दिला आणि देओलिंदाच्या खांद्यावरून पलीकडे बघून टोपीला हात लावला. मग तो निघून गेला.

फोटोत देओलिंदा एका कोपऱ्यात उभी होती, इतकी कडेला की एक कोपर कापलं गेलं होतं. उरलेल्या जागेत दगडी कठडा, नदी आणि ऊन. वाईट काढला म्हणावा, तर कठडा अगदी मधोमध आणि सरळ होता. तिने फोन जवळ आणला. तिच्या शालीला उजव्या खांद्यावर एक खळगा पडला होता, वजन ठेवल्यासारखा. खळग्याच्या कडेला लोकर चार ठिकाणी दबली होती.

तिने शाल काढली, झटकली आणि पिशवीत कोंबली.

भाड्याच्या खोलीवर जावं, तर तिथलंही आता आठवायला लागलं. काल घरमालकीण दोना ग्रासिएतने दोन टॉवेल दिले होते. देओलिंदाने तो मोठेपणा समजून दुसरा टॉवेल न वापरता जपून ठेवला होता. खोलीत दोन पलंग होते. ती स्वस्त मिळाली म्हणून तिने कुरकुर केली नव्हती. सकाळी दुसऱ्या पलंगावरची चादर मधोमध दबलेली दिसली, तेव्हा रात्री आपणच तिथे पिशवी ठेवली असेल असं म्हणून तिने ती हाताने सारखी केली होती. पिशवी तर रात्रभर दाराला टांगलेली होती.

"घरी जा," ती हळूच म्हणाली. समोरून येणाऱ्या बाईने दचकून रस्ता बदलला.

मग देओलिंदा चालत सुटली. आल्फामाच्या जुन्या वस्तीतल्या गल्ल्यांत जिथे वळण दिसेल तिथे वळली, ट्राममध्ये चढली आणि दुसऱ्याच थांब्यावर उतरली, एका चर्चच्या पुढच्या दाराने शिरून बाजूच्या दाराने बाहेर पडली. पंचावन्न ओलांडलेली बाई चोरासारखी भिंतीला धरून चालतेय, हे बघून दोन मांजरं तेवढी उठून बसली. मागे पावलं नव्हती. कान देऊन ऐकलं, तरी नव्हती. तिला जरा धीर आला. एका अरुंद जिन्याच्या रस्त्यापाशी ती दम खायला टेकली.

जिन्याला लागून असलेल्या खिडकीत एक म्हातारी कोपराखाली उशी घेऊन बसली होती. या गल्लीतली रहदारी तिच्या परवानगीने चालत असावी, असा तिचा थाट.

"बसू नकोस गं पोरी," ती म्हणाली. "वर वाट बघतेय ती."

"कोण?"

"तुझ्याबरोबरची. आत्ता गेली ना वर. मी म्हटलं, बहिणीला का मागे टाकतेस, तर म्हणते, तिला सवय आहे."

देओलिंदाने वर पाहिलं. पायऱ्या वळणावर संपत होत्या. तिथे कागदी माळेखाली कुणीच नव्हतं. माळ मात्र हलत होती, आणि गल्लीत वारा नव्हता.

"वर काय आहे?" तिने विचारलं.

"काय असणार? किल्ला."

किल्ला. झुल्मिराच्या खोलीत, काठी ठेवायच्या खुंटीच्या वर, तिसरं पोस्टकार्ड. देओलिंदाला ते डोळे मिटून दिसलं. पहिल्या कार्डावर कॅथेड्रल होतं, काल सकाळी ती तिथेच आधी गेली होती. दुसऱ्यावर सज्जा आणि नदी. ती आता पळत आली होती, वाटेल तिथे वळली होती, आणि तिसऱ्या कार्डाच्या पायथ्याशी येऊन बसली होती. कुणी तिच्या मागे लागलंच नव्हतं. मागून चालत होती ती देओलिंदाच.

म्हातारीने आतून पाण्याचा पेला आणून खिडकीतून दिला.

"तुला नाही बघायचा किल्ला?"

देओलिंदाने पेला दोन्ही हातांत धरला. कुणी असं विचारलं, तर उत्तर तयार हवं असतं. तिने शोधून पाहिलं. लिस्बन बघायची हौस तिला केव्हा लागली, कुठे लागली? तिला आठवत होत्या त्या फक्त टाचण्या. कार्डं भिंतीला लावताना तिने धरलेल्या, आणि "अजून वर, अजून वर" म्हणणारा पलंगावरचा आवाज.

"नाही," ती म्हणाली, आणि तिचं तिलाच नवल वाटलं. "मला गरम कॉफी हवी आहे. माझ्या घरी. माझ्या दारात बसून."

"मग इथे कशाला झक मारायला आलीस?" म्हातारीने विचारलं आणि पेला परत घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी देओलिंदाने पिशवी भरली. शेजारच्या पलंगाची चादर दबलेली होती. तिने ती सारखी केली नाही. खुर्चीच्या पाठीवर दुसरा टॉवेल वाळत पडला होता, अजून ओला. तोही तिने तसाच राहू दिला. दार लावताना मात्र तिने कडी अगदी हळू ओढली, झोपलेल्या माणसाच्या खोलीची ओढतात तशी.

खाली उंबऱ्यात दोना ग्रासिएत ठेंगण्या खुर्चीवर बसून शेंगा सोलत होती.

"हे काय, पिशवी घेऊन? रविवारपर्यंत होता ना तुम्ही?"

"मी निघाले."

"तुम्ही. आणि दोना झुल्मिरा?"

हे नाव देओलिंदाने या घरात घेतलं नव्हतं. तिने पिशवी खाली ठेवली. आत्ता सांगता आलं असतं. फेब्रुवारी, न्युमोनिया, गावाच्या वरच्या अंगाचं कब्रस्तान, सगळं एका वाक्यात बसलं असतं. तिने तोंड उघडलं. ग्रासिएत हातातली शेंग तशीच धरून थांबली.

"ती राहील," देओलिंदा म्हणाली. "रविवारपर्यंत आहे ना खोली आमची. राहू दे तिला."

"राहू दे की! मला सोबत होते. राग मानू नका हं, पण त्या तुमच्यापेक्षा बोलक्या आहेत. तुम्ही आल्यापासून असं तोंड करून आहात, जसं काही मी चादरी चोरणार आहे."

"एक लक्षात ठेवा." देओलिंदा जवळ आली, आवाज खाली आणला. "तिला जिन्यावर धरावं लागतं. डाव्या बाजूने धरायचं, उतरताना जास्त. दुपारी पाय उशीवर, नाहीतर सुजतात. आणि हाक मारली की लगेच जायचं. उशीर झाला की ती घाबरते. रागावल्यासारखी बोलते, पण घाबरलेली असते."

ग्रासिएत आधी तिच्याकडे बघत राहिली. मग इतकी हसली की मांडीवरच्या शेंगा घरंगळल्या.

"कुणाला धरायचं, बाई? आज पहाटे पाव आणायला उतरल्या, दोन दोन पायऱ्या टाकत. मी म्हटलं, जपून हो, तर मला म्हणाल्या, म्हातारी कोण आहे, तुम्ही की मी!"

देओलिंदाचा उजवा हात कोपरात वाकून पुढे झाला होता, पंजा उघडा, जिन्यावर दुसऱ्याचा दंड धरावा तसा. केव्हा झाला तिला कळलं नव्हतं. तो तिने सावकाश खाली घेतला आणि त्याच हाताने पिशवी उचलली.

वरच्या मजल्यावर खिडकीची झडप उघडली. ग्रासिएतने मान वर करून हात हलवला.

"बघा बघा, उठल्या. हात करतायत तुम्हाला."

"मला नसेल," देओलिंदा उताराला लागत म्हणाली. "तिथून नदी दिसते."