मास्तरांच्या दाराची दुसरी किल्ली

मी एक किल्ली बोलतेय. लॅचची, पितळेची, बोटाएवढी. एका बँडमास्तरांच्या दारासाठी मला कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याने दहा मिनिटांत कापून काढलं. थोरली बहीण मास्तरांच्या खिशात राहिली. मला मात्र चर्चच्या मागच्या खोलीत, फळीवरच्या खिळ्याला टांगलं.

त्या फळीवर आम्ही अकरा जणी होतो. प्रत्येकीमागे एक एकटं म्हातारं माणूस. चर्च लहान, मंडळीही मोजकीच, पण त्यातल्या सहा जणांनी वस्तीतल्या या एकट्यांची विचारपूस अंगावर घेतली होती. दर बुधवारी दुपारी आपापल्या वाट्याच्या किल्ल्या घ्यायच्या, पाव, औषध, जे काही लागेल ते पोचवायचं, दोन शब्द बोलायचे. म्हातारं माणूस चर्चला येतं की नाही, हे कुणी विचारत नसे.

मी आले मावशीच्या वाट्याला. मावशी म्हणजे शिवणकाम करणारी बाई, सगळ्यांचीच मावशी. रविवारी ती चर्चमध्ये गायची आणि तालाला कच्ची होती. मास्तर तिला तोंडावर म्हणायचे, ‘‘मावशी, गळा देवाने दिलाय, ताल कुणी चोरला?’’ त्यांचा स्वतःचा ताल म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. दिवसभर रेडिओ चालू असायचा आणि गाण्याबरोबर त्यांची काठी फरशीवर पडत राहायची. तीन जिने चढून धापा टाकणारी मावशी त्या ठोक्यांनीच ओळखायची की स्वारी खुशीत आहे.

आता एक नियम सांगायला हवा, कारण सगळं त्यावरच अडलं. एकदा त्या सहांपैकी एका शिंप्याने घाईत किल्ली लावली, तेव्हा त्या घरात एकट्या राहणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिका अंघोळीहून नुकत्याच बाहेर येत होत्या. बिचाऱ्या दोन महिने कुणाशी बोलल्या नाहीत. तेव्हा पाळकांनी सगळ्यांना बसवून सांगितलं की लोकांच्या घराचं आपण इस्पितळ करायचं नाही. दार तीनदा वाजवायचं. आतून हालचाल ऐकू आली, पण कुणी उघडलं नाही, तर त्यांची मर्जी समजायची. पिशवी कडीला अडकवून परतायचं. किल्ली लावायची ती आत अगदी शांत असेल तेव्हाच. चांगला नियम होता. मलाही पटला होता.

त्या बुधवारी मावशीने तीनदा दार वाजवलं. आत रेडिओवर गाणं चालू होतं. कुणी आलं नाही, म्हणून तिने मला बाहेर काढलं आणि माझं टोक कुलपाला टेकवलं. तेवढ्यात काठी वाजली. एकदा, मग दोनदा, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एकदा. गाणं एकीकडे आणि काठी दुसरीकडे.

मावशीला हसू आलं. ‘‘मास्तरांचाही ताल सुटला की,’’ असं पुटपुटत तिने मला पाकिटात टाकलं, पिशवी कडीला अडकवली आणि गुडघे सांभाळत ती जिना उतरली. मला पाकिटात जिन्याच्या वळणापर्यंत ते ठोके ऐकू येत होते. किल्लीला तोंड असतं, पण त्याचा उपयोग काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी तिथेच लटकलेली शेजारणीने पाहिली आणि मावशीला बोलावून आणलं. दार उघडलं ते मीच. मास्तर न्हाणीघराच्या उंबऱ्यात पडले होते, खुब्याचं हाड मोडलेलं, काठी मुठीत. डॉक्टर म्हणाले, आदल्या संध्याकाळपर्यंत तरी जिवंत असावेत.

मावशीने सर्वांना सांगितलं की रेडिओ चालू होता, आत चाहूल होती. पाळक म्हणाले की तू नियमानेच वागलीस, मनाला लावून घेऊ नकोस. ठोक्यांबद्दल कुणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

मला तिने फळीवर परत केलं नाही. पोलक्यात ठेवून ती हिंडायची. मशिनवर बसली की सुईच्या आवाजाने दचकायची, पाय थांबवायची आणि कान देऊन बसायची. शेजारी कुणी खिळा ठोकला तरी हातातला घास खाली ठेवायची. गाणं सुटलं. बुधवारची फेरीही सुटली. दोनदा ती कुणाच्या तरी दारापर्यंत गेली आणि न वाजवताच उतरून आली. घर माझंही गेलं होतं, पण मी निदान धातूची आहे.

महिन्याने मास्तरांची मुलगी खोली रिकामी करायला आली. आभार मानायला ती चर्चच्या मागच्या खोलीत येऊन बसली. सगळे जमले होते. चहा झाला. मग तिने हळूच विचारलं, ‘‘बाबांना काही कळलंसुद्धा नसेल, नाही का?’’

सगळ्यांनी माना डोलावल्या. मावशीने मला टेबलावर ठेवलं.

‘‘कळत होतं गं त्यांना. काठी आपटून हाक मारत होते. मी ऐकलं. ताल चुकतोय म्हणून हसले आणि खाली उतरले.’’

मुलीने मला उचललं, बराच वेळ तळहातावर धरून ठेवलं.

‘‘बाबांचा ताल कधी चुकायचा नाही, मावशी. तुम्हाला माहीत होतं ते.’’

‘‘हो. माहीत होतं.’’

मुलीने मला परत टेबलावर ठेवलं आणि ती निघून गेली. तिने माफ केलं की शिक्षा दिली, हे मावशीला आजवर कळलेलं नाही. मलाही नाही.

आता त्या दाराचं लॅच बदललंय, तिथे दुसरं बिऱ्हाड आहे. मी कुठल्याच कुलपाची नाही. पण पुढच्याच बुधवारपासून मावशी पुन्हा जिने चढू लागली. दार वाजवते, मोठ्याने आपलं नाव सांगते आणि आत आवाज असो नसो, किल्ली लावते. मुख्याध्यापिकाबाईंनी पहिल्यांदा तिला चांगलंच फैलावर घेतलं. तिने खाली मान घालून ऐकून घेतलं आणि पुढच्या बुधवारी पुन्हा दार उघडलं.

तुमच्याकडे कुणा एकट्या माणसाच्या घराची किल्ली असेल, तर माझं एवढं ऐका. लाज वाटेल, शिव्या बसतील, तरी उघडा. मावशी अजून प्रत्येक दारापाशी क्षणभर थांबते. एका हातात त्या घराची किल्ली असते, दुसऱ्या मुठीत मी. त्या घरातलं ती काहीच ऐकत नसते, तिच्या कानात मास्तरांची काठीच वाजत असते. मूठ इतकी आवळते की माझे दाते तिच्या तळव्यात रुततात, आणि तेव्हाच तिचा दुसरा हात फिरतो.